सांडशी: एका नावाच्या शोधाच्या नोंदी

४ जून

स्वयंपाकघरातल्या अवजारांच्या नावांची चित्रकार्डं करायची आहेत. त्यातलं पहिलं आज हातात घेतलं: सांडशी. पुढच्या बाजूला चित्र, मागे नावाचा अर्थ आणि नाव कुठून आलं ते, जास्तीत जास्त शंभर शब्दांत. वाचणारी मुलं पाचवी ते आठवीतली, म्हणजे छापलेलं खरं मानणारी. शंभर शब्दांत एक वाक्य कच्चं राहिलं तर ते त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहील.

सुरुवात सांडशीने करण्याचं कारण भाची. परवा मी दुधाचं पातेलं उतरवत होते, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, दूध सांडू नये म्हणून धरायची, म्हणून ती सांडशी ना गं?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. रात्री ते "हो" टोचायला लागलं. मला ते माहीत नव्हतं, नुसतं पटलं होतं.

५ जून

भाचीचं म्हणणं वहीत पहिला अंदाज म्हणून लिहिलं. बाजूने बरंच आहे. सांडणे, सांडपाणी, सांडलवंड: आवाज जुळतो, आणि सांडशीने धरलेलं भांडं खरोखरच सांडत नाही. घरातल्या आणखी तिघांना विचारलं, तिघांनीही हेच सांगितलं.

पण एक गोष्ट अडते. क्रियापदावरून अवजाराचं नाव करायची मराठीची ठरलेली रीत आहे: किसणे, किसणी. चाळणे, चाळणी. गाळणे, गाळणी. त्या रीतीने सांडणेपासून "सांडणी" व्हायला हवं होतं, "सांडशी" नाही. (सांडणी शब्द आहेच, पण ती उंटीण, सांडणीस्वार तिच्यावर बसतो.) दुसरं असं की किसणी किसते, चाळणी चाळते, गाळणी गाळते. या नावांत अवजार जे करतं ते असतं. जे होऊ नये म्हणून अवजार वापरतात ते नसतं. सांडणेवरून नाव पडलं असतं तर ती सांडणारी वस्तू झाली असती.

अंदाज अजून खोडलेला नाही. समोर प्रश्नचिन्ह काढलं.

७ जून

जुने कोश काढले. तिथे जोडी आहे: सांडस पुल्लिंगी, सांडशी स्त्रीलिंगी. मूळ शब्द म्हणून संस्कृत "संदंश".

जोडीचा अर्थ कोशापेक्षा सासूबाईंनी चांगला सांगितला. लोहार तापलेलं लोखंड धरतो तो सांडस, आपल्या ओट्यावरची ती सांडशी. विळा आणि विळी, पळा आणि पळी, सुरा आणि सुरी, तसंच हे. मोठं ते पुल्लिंगी, घरगुती आणि आटोपशीर ते स्त्रीलिंगी. म्हणजे शोध सांडशीचा नाही, सांडसाचा घ्यायचा. शेवटच्या "ई"चा प्रश्न सुटला. "श" मात्र शिल्लक: सांडस आणि ई मिळून "सांडसी" व्हायला हवं.

८ जून

आज दिवसभर एकाच शब्दावर बसले आणि उठावंसं वाटलं नाही.

संदंश म्हणजे सम् अधिक दंश. सम् म्हणजे एकत्र, दोन्हीकडून मिळून. दंश म्हणजे चावा. दोन बाजू एकत्र येऊन घेतलेला चावा, आणि तो चावा घेणारी वस्तू. सांडशी चावते. हे वाचल्यावर उठून खरी सांडशी हातात घेतली, उघडमीट केली. दोन जबडे, मध्ये खिळा, मागे लांब दांडे. इतकी वर्षं हातात होती आणि तिचं तोंड कधी तोंड म्हणून दिसलं नव्हतं. आपण "सांडशीचं तोंड" म्हणतो, तेही न ऐकताच म्हणत होतो.

आता संदंशातून सांडस कसा झाला ते पायरीपायरीने.

पहिली पायरी, "द"चा "ड". हा बदल मनमानी नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने व्याकरण लिहिलं, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा आहे. त्यात एक सूत्र नेमकं या धातूसाठी आहे: "दंशदहोः". दंश् आणि दह् या धातूंतल्या "द"चा "ड" होतो. उदाहरणं डसइ आणि डहइ. डसइ म्हणजे आपलं "डसतो". त्याआधीच्या सूत्रात हाच बदल विकल्पाने होणाऱ्या शब्दांची यादी आहे, तिच्यात दोला आहे (त्याच कुळातलं आपलं डोलणे) आणि दोहद आहे, ज्याचे आपल्याकडे डोहाळे झाले. पालीतही चावण्याचं क्रियापद डसति असंच आहे.

दुसरी पायरी, "ंश"चा "स". विंशतीचं वीस झालं ते आठवावं: अनुस्वार गेला, त्याच्या बदल्यात आधीचा स्वर लांबला, "श"चा "स" झाला. दंश याच वाटेने गेला की मिळतो डास.

डास! सांडशीच्या पोटात डास आहे. जो चावतो तो डास, जी दोन बाजूंनी चावते ती सांडशी. हिंदीत डाँस म्हणजे गुरांना चावणारी मोठी माशी. आपण तोच शब्द लहान किड्याला दिला. दोघांचं काम एकच. नावही एकच.

तिसरी पायरी, "सं"चा "सां". मंडपाचा मांडव, दंडाचा दांडा, तसा. मधला "डा" मराठीत आखडून "ड" झाला. बंगालीने तो अजून लांब ठेवला आहे, साँड़ाशि.

९ जून

एक सावधगिरी. पाली आणि प्राकृतातलं मधलं रूप "संडास" आहे आणि त्याचा अर्थ चिमटा, पकड असाच आहे. कार्डावर ते तसंच छापलं तर सगळा वर्ग हसेल आणि पुढचं कुणी वाचणार नाही. "सं-डास" असं मध्ये रेघ देऊन छापायचं. तसं लिहिलं की डासही आपोआप दिसतो.

आणखी एक मोह टाळला. "दात" हाही दंशातूनच आला असं लिहिणार होते. नाही. दात दंतापासून, ते मूळ वेगळं. दाढ मात्र खरंच याच घरातली: दंष्ट्रा, म्हणजे चावा घेणारी.

११ जून

भाचीच्या अंदाजाची परीक्षा राहिली होती. "कोशात तसं दिलंय" हे मुलांना सांगायचं उत्तर नव्हे. तपासायची वाट दाखवता आली पाहिजे, आणि आज ती सापडली.

मराठीची एक खास सवय आहे. जिथे हिंदी-गुजरातीत "छ" टिकला तिथे मराठीत बहुतेकदा "स" होतो. हिंदी छुरी, मराठी सुरी. पूछना, पुसणे. मछली, मासळी. बछड़ा, वासरू. त्यामुळे मराठी "स" समोर आला की तो मुळातला "स" आहे की "छ"चा झालेला, हे मराठीपुरतं बघून कळत नाही. शेजारच्या भाषांत जावं लागतं.

सांडणे घेऊन शेजारी गेले. हिंदीत छाँड़ना, गुजरातीत छांडवुं. म्हणजे सांडण्यातला "स" हा "छ"चा झालेला. मागे गेलं की प्राकृत छड्डइ, संस्कृत छर्दयति: ओकणे, बाहेर टाकणे. आयुर्वेदात ओकारीला छर्दि म्हणतात ती हीच. जुन्या मराठीत सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे. पाणी "सांडतं" ते त्यातूनच.

मग सांडशी घेऊन शेजारी गेले. हिंदीत सँड़सी, गुजरातीत साणसी. दोन्हीकडे "स". सांडशी सांडण्यातून आली असती तर हिंदीत "छँड़सी" आणि गुजरातीत "छांडसी" असं काहीतरी ऐकू यायला हवं होतं. तसं नाही. मराठीत हे दोन शब्द जुळ्यांसारखे दिसतात ते केवळ मराठीने छ आणि स एका दारातून आत घेतले म्हणून.

पहिला अंदाज खोडला. खोडताना वाईट वाटलं, कारण तो चांगला होता. माणसं अर्थ हरवलेल्या शब्दाला जवळचा ओळखीचा अर्थ लावून घेतात, त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. त्यात वेडगळ काही नाही. ज्याला शब्दात काहीतरी असणारच असं वाटतं तोच असं करतो. कार्डावर हा अंदाज आधी मांडायचा आणि मग तपासायचा, असं आज नक्की केलं. भाचीला "चूक" असं नुसतं सांगायचं नाही.

१२ जून

संध्याकाळी भाचीचा फोन. "मावशी, मावसदादा आहे का घरी?"

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. मावसभाऊ, मावसदादा, पण मावशी. "स" होता, पुढे "ई" आली आणि "श" झाला. म्हैस, पण म्हशी. घूस, पण घुशी. सांडस, पण सांडशी. इ-ई आणि ए यांच्या शेजारी मराठीत "स"चा "श" होतो. म्हणूनच संस्कृत "सीव्" मध्ये "स" आहे आणि आपण शिवतो. ७ तारखेपासून अडलेला "श" सुटला. पाच दिवस पुस्तकांत शोधत होते आणि तो मला रोज मारल्या जाणाऱ्या हाकेत होता.

ही "श" संस्कृत संदंशातली "श" टिकून राहिलेली नाही, हे कार्डावर यायला हवं. संदंश आणि सांडशी शेजारी लिहिले की कुणालाही तसंच वाटेल. मधे "स" होऊन परत "श" झालेला आहे.

१५ जून

सुश्रुतसंहिता, सूत्रस्थान, सातवा अध्याय. यंत्रविधी, म्हणजे शल्यकर्मातल्या अवजारांचा.

यंत्रं एकशे एक सांगितली आहेत, सहा प्रकारांत: स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८, उपयंत्रं २५. बेरीज करून पाहिली, १०१ भरते. संदंश दोनच: सनिग्रह आणि अनिग्रह. लांबी सोळा अंगुळं. काम, त्वचा, मांस, शिरा आणि स्नायू यांत रुतलेलं शल्य उपटून काढणं.

पण मी रेंगाळले ती स्वस्तिक यंत्रांपाशी. ती अठरा अंगुळांची, दोन भाग मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेले, आणि प्रत्येकाचं तोंड एकेका प्राण्या-पक्ष्याचं: सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, कावळा, कंक. त्यात कंकमुख सगळ्यांत उत्तम मानलं आहे, कारण ते सहज आत शिरतं, सहज परत येतं आणि धरलेलं सोडत नाही. वैद्याने अवजार बनवताना तोंडांकडे किती बारकाईने पाहिलं असेल! बगळ्याच्या जातीतला पक्षी चिखलातून मासा कसा उचलतो हे कुणीतरी काठावर बसून बघितलं असणार.

आपली खिळ्याची सांडशी बांधणीने या स्वस्तिक यंत्रांच्या जवळ आहे, नाव मात्र तिने संदंशाचं घेतलं. माझ्या मते यात विसंगती नाही. नाव बांधणीला दिलेलं नव्हतं, चाव्याला दिलेलं होतं.

१६ जून

संदंश शब्द आणखी कुठे कुठे गेला ते एका पानावर जमवलं. कार्डावर यातलं काही बसणार नाही, पण वहीत असू दे.

अथर्ववेदाच्या नवव्या कांडात घराचं सूक्त आहे, त्यात घराच्या बांधणीच्या भागांत संदंश येतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात नरकांची यादी आहे, त्यातल्या एकाचं नावच संदंश. तिथे चोराची कातडी तापलेल्या लोखंडी सांडशांनी सोलतात. नाट्यशास्त्रात एका हाताच्या मुद्रांमध्ये संदंश आहे. बोटं मिटवली-उघडली की तीच आकृती.

आणि मीमांसा. वाक्यांचा अर्थ लावण्याच्या या शास्त्रात "संदंश" ही युक्ती आहे. एखाद्या कर्माचं अंग म्हणून एक गोष्ट सांगितली, पुढे त्याच कर्माचं अंग म्हणून दुसरी सांगितली, तर या दोहोंच्या मधे जे सांगितलं आहे तेही त्याच कर्माचं अंग समजावं. दोन जबड्यांमध्ये सापडलेली गोष्ट सुटत नाही. हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. भट्टीजवळचं अवजार तर्काचं अवजार झालं होतं.

बंगाली बातम्यांत आजही चहूबाजूंनी केलेल्या धरपकडीला "साँड़ाशि अभियान" म्हणतात. मराठीने अशा वेळी सांडशी घेतली नाही. आपण माणसाला कात्रीत धरतो आणि पोटाला चिमटा घेतो.

१९ जून

इंग्रजी "टाँग्ज"कडे सहज म्हणून वळले आणि संध्याकाळ झाली.

टाँग्ज, जर्मन त्सांगे, डच तांग: हे सगळे एका जुन्या धातूपासून, आणि त्या धातूचा अर्थ चावणे. संस्कृत दश्, ग्रीक दाक्नो (मी चावतो) त्याच धातूचे. मुलांना पटवायला फार काही लागत नाही. आपला "द" तिकडे "ट" होतो: द्वि, टू, दश, टेन, दंत, टूथ. आणि आपला "श" ग्रीकमध्ये "क" असतो: संख्या दश, ग्रीक देका. तसंच चावणं दश्, ग्रीक दाक्.

म्हणजे युरोपातल्या लोहाराने आणि इकडच्या लोहाराने आपापल्या अवजाराला वेगवेगळं नाव दिलं, आणि दोघांनाही तेच दिसलं: चावणारं तोंड. सांडशीवरून टाँग्ज आलं नाही, टाँग्जवरून सांडशी आली नाही. मूळ क्रियापद तेवढं सामायिक.

लॅटिनमध्ये मात्र नाव उपयोगावरून. दवाखान्यातला फॉर्सेप्स हा शब्द "फोर्मुस", म्हणजे गरम, आणि "कापेरे", म्हणजे धरणे, यांतून आला असं मानतात. गरम ते धरणारा. भाचीला जसं नाव अपेक्षित होतं, अगदी तसं! तो फोर्मुस आणि आपला घर्म एका मुळाचे, आणि घर्माचा घाम झाला.

२० जून

दक्षिणेकडे पाहिलं. तमिळ इडुक्कि: दाबून, आवळून धरणारी. तेलुगू पट्कारु: पट्टु म्हणजे धर. आपल्याकडे बऱ्याच घरांत आता "पकड" म्हणतात, तीही धरण्यावरूनच. पकड शब्दाबद्दल तक्रार नाही, पण तो सगळं उघड सांगून टाकतो. सांडशी विचारावी लागते.

२३ जून

चित्र आलं. चित्रात चिमटा आहे.

परत पाठवलं. चिमटा एका पट्टीचा, मधून दुमडलेला. बोटं मधल्या भागावर दाबतात. जोर कमी मिळतो, पण टोकाशी नेमकेपणा येतो. निखारा उचलायला हेच हवं. सांडशीचे दोन दांडे एकमेकांना ओलांडतात आणि ओलांडतात तिथे खिळा असतो. माझी सांडशी मोजली: खिळ्यापासून मुठीपर्यंत १६ सेंटिमीटर, खिळ्यापासून तोंडाच्या टोकापर्यंत ४. म्हणजे मुठीचा जोर तोंडाशी चौपट. भरलेलं पातेलं चिमट्याने उचलायला गेलं तर निसटतं ते या हिशेबामुळे. सगळा चावा त्या खिळ्यावर उभा आहे, म्हणून चित्रात खिळा स्पष्ट दिसायलाच हवा, असं कळवलं.

२५ जून

मजकूर पहिल्यांदा दोनशे चाळीस शब्द झाला. सुश्रुत कापला, फार वाईट वाटलं. मीमांसा कापली. टाँग्ज एका ओळीत ठेवलं. हेमचंद्र गेला, पण डसणे आणि डास राहिले. मावशी आणि मावसभाऊ काढायला सांगितलं असतं तरी काढले नसते. पहिलं वाक्य भाचीचा प्रश्न, तिच्याच शब्दांत. अठ्ठ्याण्णव शब्द.

२८ जून

नवं चित्र आलं. खिळा आहे, दांडे ओलांडलेले आहेत. नमुना छापून भाचीच्या हातात दिला.

तिने मोठ्याने वाचला. डासापाशी थांबली, परत वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सांडशी घेऊन आली, तोंड उघडून आतली बाजू उजेडाकडे धरली आणि मावसभावाला बोलावून दाखवली. आतल्या बाजूला भांडं घसरू नये म्हणून आडव्या खाचा असतात. तिने त्यावर नख फिरवलं.

"मावशी, हिला दाते आहेत. चित्रात नाहीत."

चित्र परत पाठवलं आहे. दाते घालायचे.